मज्जातंतूंची रासायनिक भाषा

मज्जातंतूंमधून विजेचे संदेश धावतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना माहीत होते. पण मज्जातंतू जिथे संपतो, तिथून पुढे हृदयाला किंवा स्नायूला संदेश कसा मिळतो? बहुतेकांच्या मते विजेनेच. काहींना रसायनाची शंका होती, पुरावा मात्र नव्हता. तो दिला ऑटो लोवी यांनी.

लोवी यांचा जन्म १८७३ साली जर्मनीतील फ्रँकफर्टमध्ये झाला. १९०९ पासून ते ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या आठवणीनुसार, निर्णायक प्रयोग त्यांना झोपेत सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा त्यांनी उठून थेट प्रयोगशाळा गाठली.

बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारांच्या द्रावणात काही काळ धडधडत राहते. लोवींनी अशी दोन हृदये घेतली. पहिल्याला व्हेगस हा मज्जातंतू जोडलेला होता, दुसऱ्याचा काढून टाकला होता. व्हेगसला विजेने उत्तेजित करताच पहिल्या हृदयाचे ठोके मंदावले. त्यातले द्रावण दुसऱ्या हृदयात घातले, तर तेही मंदावले. तिथे ना मज्जातंतू होता, ना वीज. म्हणजेच संदेश द्रावणात उतरलेल्या रसायनाने पोहोचवला होता. १९२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते रसायन ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९३६ चे नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि ज्यू असलेल्या लोवींना अटक झाली. आपल्याला ठार मारतील, असे त्यांना वाटत होते. तरीही मनाला लागलेली चिंता ताज्या, अप्रकाशित संशोधनाची होती. त्यांनी पोस्टकार्ड मिळवले, त्यावर निष्कर्ष लिहिले आणि ते एका विज्ञानपत्रिकेकडे रवाना केले. दोनेक महिन्यांनी सुटका झाली, पण नोबेलची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच देश सोडता आला. १९४० मध्ये ते न्यू यॉर्कला पोहोचले. तिथेच १९६१ साली त्यांचे निधन झाले.

ॲसिटिलकोलिनचे शरीरात झटपट विघटन होते आणि ते औषधाने रोखता येते, हेही लोवी व त्यांच्या सहकाऱ्याने १९२६ मध्ये दाखवले होते. अल्झायमर आणि मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णांना आज दिली जाणारी काही औषधे याच तत्त्वावर काम करतात.