विश्लेषण : निरगाठ की सुरगाठ? जेलला बळ देणारे बंध आणि हर्मान श्टाउडिंगर यांची कहाणी

चिपळूण : खरवस एकदा वाफवून घट्ट झाला की पुन्हा कितीही गरम केला तरी त्याचे दूध होत नाही. चायना ग्रास मात्र तापवला की वितळतो आणि गार झाला की पुन्हा थिजतो. शास्त्राच्या भाषेत दोन्ही जेलच. लांब रेणूंचे जाळे आणि त्यात अडकलेले पाणी. फरक आहे तो जाळ्याच्या गाठींचा. खरवसात निरगाठी, चायना ग्रासमध्ये सुरगाठी. जेल मजबूत करण्यासाठी आज शास्त्रज्ञ याच सुटणाऱ्या आणि पुन्हा बसणाऱ्या गाठी वापरत आहेत. गंमत म्हणजे ज्यांच्यामुळे हे शास्त्र उभे राहिले, त्या हर्मान श्टाउडिंगर यांची उमेदीची वर्षे अशा कमकुवत गाठींची कल्पना खोडून काढण्यात गेली.

कोण होते श्टाउडिंगर?

जन्म 23 मार्च 1881, जर्मनीतील वोर्म्स शहरात. ओढ वनस्पतिशास्त्राची होती. पण वनस्पती समजून घ्यायच्या तर आधी रसायनशास्त्र शिकायला हवे, असा सल्ला मिळाला आणि ते तिकडेच रमले. 1903 मध्ये हाले विद्यापीठातून डॉक्टरेट, 1905 मध्ये कीटीन या नव्या संयुगवर्गाचा शोध आणि 1912 मध्ये झुरिकच्या नामांकित तंत्रविद्यापीठात प्राध्यापकपद. चाळिशीच्या आतच नाव, मान, पद सगळे मिळाले होते. 1920 मध्ये त्यांनी ते पणाला लावले.

वाद नेमका कशाचा होता?

रबर, स्टार्च, सेल्युलोज यांचे रेणू लहानच असतात आणि ते कमकुवत आकर्षणाने एकमेकांना चिकटून गोळा होतात, असे तेव्हाचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. श्टाउडिंगर यांनी 1920 च्या निबंधात वेगळेच मांडले. हे रेणू खरोखरच प्रचंड लांब असतात आणि त्यांतील हजारो अणू पक्क्या सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. अशा रेणूंना त्यांनी पुढे महारेणू हे नाव दिले.

सहकाऱ्यांना हे पटेना. रबर नीट शुद्ध करा, म्हणजे त्याचे लहान रेणू आपोआप दिसतील आणि हा नाद सुटेल, अशा अर्थाचा सल्ला हाइनरिश वीलांट यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने दिला. क्ष-किरणांनी मोजलेल्या स्फटिकातील छोट्या घरात एवढा मोठा रेणू मावेल कसा, हाही आक्षेप होताच.

त्यांनी तो कसा सोडवला?

प्रयोगाने. रबराचे लहान रेणू त्यांतील द्विबंधांच्या आकर्षणामुळे चिकटून राहतात, असे विरोधक म्हणत. तसे असेल तर हायड्रोजन जोडून ते द्विबंध संपवले की गोळा विस्कटायला हवा. 1922 मध्ये श्टाउडिंगर यांनी हेच केले. गोळा विस्कटला नाही. हायड्रोजन जोडलेले रबरही रबरासारखेच वागले. लहान रेणूंप्रमाणे त्याचे ऊर्ध्वपातन होईना.

1926 मध्ये ते फ्रायबुर्गला गेले. त्यानंतरच्या काही वर्षांत पुरावे साचत गेले आणि विरोध मावळला. नोबेल मात्र 1953 मध्ये मिळाले, वयाच्या 72 व्या वर्षी.

युद्ध आणि नाझी राजवटीत काय घडले?

पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या वापराविरुद्ध ते जाहीरपणे बोलले. त्यावरून वायुयुद्धाचे प्रणेते फ्रिट्झ हाबर यांच्याशी त्यांचे बिनसले. ही भूमिका 1933 मध्ये महागात पडली. फ्रायबुर्गचे तेव्हाचे कुलगुरू, प्रसिद्ध तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी त्यांच्याविरुद्ध सरकारकडे तक्रार केली आणि गेस्टापोची चौकशी मागे लागली. श्टाउडिंगर यांना राजीनामा लिहून द्यावा लागला. तो अमलात आला नाही, म्हणून संशोधन वाचले. नोव्हेंबर 1944 च्या बॉम्बहल्ल्यात त्यांच्या संस्थेची मोठी हानी झाली. 8 सप्टेंबर 1965 रोजी फ्रायबुर्गमध्ये त्यांचे निधन झाले.

जेलशी त्यांचा संबंध काय?

1934 च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत स्टायरीनमध्ये अगदी किंचित डायव्हिनाइलबेंझीन मिसळून बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, बनवण्यात आले. साधे पॉलिस्टायरीन द्रावकात विरघळते. हे मात्र विरघळले नाही, नुसते फुगले. साखळ्यांमध्ये पक्क्या गाठी बसल्या होत्या. जाळे कसे बनते हे यातून स्पष्ट झाले. साखळ्या ताठ काठीसारख्या असतात हे त्यांचे मत मात्र चुकीचे ठरले. त्या लवचीक असतात आणि म्हणूनच जेल ताणले जाते.

मग सुरगाठी परत कशा आल्या?

नुसत्या निरगाठींचे जेल ठिसूळ असते. चीर पडली की सगळा ताण तिच्या टोकाशी एकवटतो. तिथला बंध तुटतो आणि तो पुन्हा जुळत नाही. मग पुढचा तुटतो. जाळ्यात सुरगाठीही असतील तर ताण आल्यावर त्या आधी सुटतात. त्यात ऊर्जा खर्च होते, ताण मोठ्या भागात विभागला जातो आणि मुख्य साखळ्या शाबूत राहतात. ताण गेला की बऱ्याच सुरगाठी पुन्हा बसतात.

2012 मध्ये हार्वर्डच्या गटाने पॉलिअॅक्रिलामाइडच्या पक्क्या जाळ्यात अल्जिनेटचे जाळे गुंफले. अल्जिनेट समुद्री शैवालातून मिळते आणि त्याच्या गाठी कॅल्शियमच्या आयनांनी बसतात व सुटतात. सुमारे 90 टक्के पाणी असलेले हे जेल मूळ लांबीच्या 20 पटींहून अधिक ताणले गेले.

आपल्याकडे काय झाले?

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील गटाने स्वतःहून सांधणारे जेल सादर केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी दीर्घकाळ जोडलेले रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांचा त्या संशोधनात सहभाग होता. या जेलचे कापलेले तुकडे आम्लात काही सेकंदांत हायड्रोजन बंधांनी जुळतात आणि अल्कलीत पुन्हा सुटे होतात. प्लास्टिकच्या भांड्याला पाडलेले भोक या जेलने बुजवून आम्लाची गळती थांबवता येते, हेही दाखवण्यात आले. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत शेजारी असलेल्या चिपळूणकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. अर्थात, प्रयोगशाळेतील भांडे आणि महामार्गावरचा टँकर यांत मोठे अंतर आहे.

मग श्टाउडिंगर चुकले का? नाही. साखळी पक्क्या बंधांचीच असते, हे त्यांनी सिद्ध केले आणि ते आजही खरे आहे. विरोधकांनी सांगितलेले कमकुवत आकर्षणही खरेच होते, पण त्याने साखळी बनत नाही. अशा साखळ्यांचे जेल टिकाऊ करायला मात्र त्याच जातीचे बंध उपयोगी पडतात.