खाजणातून रूळ टाकणारे बर्कले

जैनाबादकरांना गाडी धरायची तर तापी ओलांडून बऱ्हाणपूर स्टेशनला जावं लागतं. ही लाइन ज्या जीआयपी कंपनीने टाकली, तिचे पहिले मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले.

जन्म लंडनचा, १८१९ चा. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झाले. १८५० मध्ये मुंबईत आले तेव्हा वय जेमतेम तीस. मुंबई-ठाणे अंतर अवघं ३४ किलोमीटर, पण शीव-कुर्ल्याच्या मधे खाजण आडवं. भरतीचं पाणी आत शिरायचं, खाली नुसता चिखल. अशा जागी मातीचा भराव घातला की तो आपल्याच वजनाने खचतो. मग पुन्हा माती, पुन्हा खचणं, बूड घट्ट होईपर्यंत. दम असणाऱ्याचंच काम ते. बर्कलेंचं नाव राहिलं. पाट्या वाहणाऱ्या मजुरांची नावं कोण लिहून ठेवणार?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी याच भरावावरून ठाण्याला गेली. पुढच्या वर्षी खाडीवरच्या पुलांवरून लाइन कल्याणला पोचली.

मग घाट. बोरघाटात २५ बोगदे, त्यात कॉलऱ्याने मजूर पटापट मेले. बर्कलेंचीही प्रकृती ढासळली, ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये वारले. वय फक्त ४२. बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, थळघाट १८६५ मध्ये. थळघाट चढूनच लाइन खानदेशात आली आणि भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा करत १८७० मध्ये जबलपूरला भिडली.