सोहारचा खून आणि परत आलेला भाऊ

वाचकहो, रहस्यकथेची गोडी ज्याला कधी लागलीच नाही असा मराठी वाचक विरळाच. बाबूराव अर्नाळकर यांनी एक हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी घरांतून कितीतरी रात्री दिवे उशिरापर्यंत जळत राहिले. अशा कथांमध्ये एक कथानक वारंवार भेटते. एक लहानसे गाव असते. तेथे खून होतो. गावातील सर्वांना काही ना काही ठाऊक असते, पण तोंड कोणी उघडत नाही. मग पुष्कळ वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला एक खाजगी गुप्तहेर परत येतो, जुन्या ओळखीच्या दारांवर थाप मारतो आणि शेवटच्या पानावर खुनी कोण ते सांगतो. आपण पुस्तक मिटतो आणि निश्चिंत मनाने झोपतो.

वर्गात मुलांना अशी गोष्ट सांगितली की त्यांचा प्रश्न एकच असतो : खुनी कोण? पण इतिहासात कधी कधी खुनी कोण हे पहिल्याच दिवशी सर्वांना कळलेले असते आणि खरी गोष्ट तेथून पुढे सुरू होते. आज आम्ही असेच एक चरित्र सांगणार आहोत. त्याचा नायक गुप्तहेर नव्हता, राजपुत्र होता. परंतु ज्या गावात त्याच्या भावाचा खून झाला त्याच्याशी त्याचे जुने नाते होते, त्याला देश सोडावा लागला, आणि मुंबईहून तो परत आला. त्याचे नाव सय्यद तुर्की बिन सईद. देश ओमान.

ओमान म्हणजे अरबस्तानचा आग्नेयेकडील कोपरा. समोर अरबी समुद्र, आणि त्या समुद्राच्या दुसऱ्या काठावर आपल्या पूर्वजांचे कोकण. मस्कत हे त्याचे मोठे बंदर. मस्कतच्या वायव्येस बातिना नावाची सपाट किनारपट्टी आहे. खजुराच्या बागांच्या त्या पट्टीत सोहार हे गाव वसले आहे. एके काळी ते फार मोठे बंदर होते. आमच्या कथेच्या काळी मात्र ते एक किल्ला, एक बाजार आणि कोळ्यांच्या होड्या एवढ्यावर आले होते.

तुर्कीचा जन्म १८३२ सालचा. त्याचे वडील सय्यद सईद बिन सुलतान हे मस्कत आणि झांजिबार या दोन्ही ठिकाणचे धनी. त्यांची काही मोठी जहाजे मुंबईच्या गोदीत बांधलेली होती. झांजिबारची लवंग पुढे जगभर गाजली ती त्यांच्याच अमदानीत. त्या लवंगेचे बी मूळचे आपल्या बाजूच्या बेटांतून तिकडे गेले, कारण हिंदी महासागराच्या या भागात लवंग प्रथम आणली ती पियेर प्वाव्र यांनी, १७७० साली, मॉरिशसमध्ये. सय्यद सईद फार कर्तबगार होते. पण त्यांच्या गादीचा पाया रक्ताने भिजलेला होता. १८०६ साली त्यांनी आपला चुलत भाऊ बद्र याला ठार करून सत्ता हाती घेतली होती. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला मारावे, हे त्या घराण्याला नवे नव्हते.

१८५६ साली सय्यद सईद झांजिबारला जात असताना सेशेल्स बेटांजवळ समुद्रावरच वारले. सेशेल्सचा कारभार त्या वेळी मॉरिशसमधूनच चालत असे. त्यांच्या मागे मुलांमध्ये वाटणीचा तंटा उभा राहिला. थुवैनी मस्कतला होता, माजिद झांजिबारला, आणि तुर्की सोहारचा अंमल पाहत होता. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी १८६१ साली निवाडा दिला : झांजिबार माजिदचे, मस्कत थुवैनीचे, आणि श्रीमंत झांजिबारने गरीब मस्कतला दर वर्षी ४०,००० डॉलर द्यावेत. हे डॉलर म्हणजे मारिया थेरेसा छापाची चांदीची नाणी. दोन भावांची सोय झाली. तिसऱ्याचे काय? तुर्कीला सोहारमध्ये थोरल्या भावाच्या हाताखाली राहणे मानवले नाही. त्याने बंड केले. माजिदची त्याला आतून फूस होती. बंड फसले आणि थुवैनीने त्याला नमवले.

आता सोहारच्या खुनाकडे येऊ.

१८६६ सालचा फेब्रुवारी महिना. बुरैमीच्या बाजूने वहाबी लोकांचा त्रास वाढला होता आणि त्यांच्याविरुद्ध फौज जमवण्यासाठी थुवैनी सोहारला आला होता. बरोबर त्याचा मुलगा सालिम होता. थुवैनी झोपलेला असताना सालिमने त्याला गोळी घालून ठार केले. रहस्यकथेत जे तीनशे पानांनंतर उघड होते ते सोहारच्या बाजारात पाहता पाहता पसरले. तुर्कीही त्या वेळी सोहारमध्येच होता. सालिमने त्या काकालाही कैदेत टाकले. गादीवर हक्क सांगू शकेल असा माणूस मोकळा ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. पुढे इंग्रजांच्या मध्यस्थीने तुर्कीची सुटका झाली.

खुनी कोण हे मस्कतला ठाऊक होते आणि मुंबईलाही ठाऊक होते. आखातातील इंग्रजांचे प्रतिनिधी कर्नल लुईस पेली यांनी सुरुवातीला सालिमशी व्यवहार थांबवला. आपल्या बापाचा जीव घेणाऱ्याला राजा म्हणायचे तरी कसे, असा प्रश्न काही महिने चर्चेत राहिला. पण मस्कतमध्ये कच्छ आणि सिंधकडील व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, आखातातून टपालाच्या बोटी जात होत्या, समुद्रतळाशी तारायंत्राची केबल पडली होती. बंदर शांत राहणे सरकारला हवे होते. म्हणून त्याच वर्षी सालिमला मान्यता मिळाली. खटला नाही, साक्षी नाहीत, शिक्षा नाही.

येथे जरा थांबून विचार करावा असे आम्हांला वाटते. गुन्हा लपलेला असला तर तो शोधणारा बुद्धिमान माणूस पुरेसा असतो. पण गुन्हा उघड असून तो पाहायची कोणाचीच इच्छा नसली तर काय करायचे?

तुर्कीने १८६७ साली हत्यार उचलले. कबिले गोळा करून तो मस्कतवर चालून गेला, पण शहर हाती आले नाही. पुन्हा पेली मध्ये पडले. तुर्कीने देश सोडावा, इंग्रजी मुलखात राहावे आणि त्या बदल्यात त्याला वार्षिक नेमणूक मिळावी असे ठरले. आणि ती नेमणूक द्यायची होती सालिमने! भावाच्या खुन्याच्या पैशावर पोट भरायचे, अशी ही व्यवस्था होती. तुर्की हिंदुस्थानात आला आणि मुंबईत राहिला.

मुंबई हे नाव निघाले की आपल्या मनात काही तरी हलते. त्याच्या आधीच्या काही दशकांत रत्नागिरी, कुलाबा, सातारा या भागांतली माणसे त्याच बंदरातून गलबतात बसून आपल्या बेटावर आली. जाताना पुष्कळांच्या मनात परत यायचे होते. काही परतले, पुष्कळ राहिले, आणि जे राहिले त्यांची आपण लेकरे. तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर उभा राहून समुद्रापलीकडच्या गावाचा विचार करणारा माणूस आपल्याला परका वाटू नये.

इकडे ओमानमध्ये सालिमचे आसन स्थिर झाले नाही. १८६८ च्या ऑक्टोबरात त्याच घराण्याच्या रुस्ताक शाखेतील अझ्झान बिन कैस याने मस्कत घेतले. सालिम पळाला. धर्मपंडितांनी अझ्झानला इमाम म्हणून निवडले. त्यांत सईद बिन खल्फान अल् खलीली हे सर्वांत वजनदार विद्वान होते. म्हणजे खुनी गादीवरून गेला, पण तुर्कीला घर मिळाले नाही.

१८७० साली तुर्की मुंबईहून निघाला. झांजिबारच्या भावाकडून त्याला पैशाची मदत झाली. ऑक्टोबरमध्ये धंक येथे त्याने अझ्झानचा पराभव केला. नंतर पूर्वेकडील कबिले त्याला मिळाले, आणि १८७१ च्या जानेवारीअखेर मस्कतला लागून असलेल्या मत्रा या बंदरात लढाई होऊन अझ्झान मारला गेला. मस्कतच्या किल्ल्यात खलीली उरले होते. इंग्रज अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने, जिवाला धोका होणार नाही या आश्वासनावर, त्यांनी किल्ला सोडला. आणि थोड्याच दिवसांत ते आणि त्यांचा मुलगा तुर्कीच्या ताब्यात असताना मरण पावले.

आजारपणाने गेले असे तुर्कीकडून सांगण्यात आले. लोकांनी ते मानले नाही. ओमानच्या आतल्या मुलखात तुर्कीवर लागलेला तो डाग कधी पुसला गेला नाही. वाचकहो, आमच्या मते या चरित्राचे मर्म येथे आहे. खून झालेल्या भावाच्या घरी परत आलेला माणूस स्वतःच दुसऱ्या एका संशयित मृत्यूचा धनी झाला. कादंबरीतला गुप्तहेर खुन्याकडे बोट दाखवून बाजूला होतो. तुर्कीला बाजूला होता येत नव्हते. त्याला राज्य करायचे होते, आणि ज्या मार्गाने त्याचे वडील आणि त्याचा पुतण्या गादीवर आले त्याच मार्गाच्या कडेने तोही चालला.

त्याच वर्षी इंग्रजांनी त्याला मान्यता दिली. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर मस्कतला आले आणि तुर्कीने त्यांच्याशी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. ओमानमध्ये गुलाम आणणे बेकायदा झाले, गुलामांचे बाजार बंद करण्याचे ठरले. आपल्या बेटावर गुलामगिरी १८३५ साली संपली होती आणि तिच्यामागून आपले पूर्वज मजूर म्हणून आले, म्हणून या कराराची नोंद आपण घ्यायला हवी. तुर्कीने तो काही केवळ दयेपोटी केला नाही. झांजिबारकडून यायचे ते वार्षिक ४०,००० डॉलर आता हिंदुस्थान सरकार देणार होते आणि त्याची तिजोरी रिकामी होती. तरीही करार झाला, हे खरे.

त्याची प्रकृती खालावलेली होती. १८७५ साली, भाऊ अब्दुल अझीझ याच्या हाती कारभार देऊन, तो समुद्रापलीकडे ग्वादरला विश्रांतीसाठी गेला. सर्वांना वाटले, आता हा परत येत नाही. पण डिसेंबरात एके दिवशी तो अचानक मस्कतला उतरला आणि त्याने सत्ता पुन्हा हाती घेतली. दुसऱ्यांदा परत आलेला हा माणूस! १८८३ साली त्याच अब्दुल अझीझने कबिल्यांसह मस्कतला वेढा घातला. तुर्कीने शहर राखले. इंग्रजी युद्धनौका फिलोमेल हिच्या तोफांची त्याला साथ होती. इंग्रजांच्या आधारावाचून टिकता येत नाही, हेही त्या दिवशी सर्वांना दिसले.

आणि सालिमचे काय झाले? तो गादी परत मिळवण्याच्या खटपटीत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत राहिला. शेवटी इंग्रजांनी त्याला पकडून सिंधमधील हैदराबादेस कैदेत ठेवले आणि तेथेच १८७६ साली तो मेला. ही कैद राजकारणासाठी होती. सोहारच्या त्या खुनाबद्दल त्याला कोणी न्यायासनापुढे उभे केले नाही.

तुर्की ४ जून १८८८ रोजी मस्कतला वारला. त्याच्या मागे त्याचा मुलगा फैसल गादीवर आला, आणि तो सुखासुखी आला. बापाच्या उशाशी पिस्तूल नव्हते, भावाभावांत रणांगण नव्हते. त्या घराण्यात ही गोष्ट किती दुर्मिळ होती हे आतापर्यंतच्या हकिकतीवरून वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. पुढे १९९६ साली सुलतान काबूस यांनी ओमानचा मूलभूत कायदा जाहीर केला. त्यात असे लिहिले गेले की राज्याचा वारस सय्यद तुर्की बिन सईद बिन सुलतान यांच्या पुरुष वंशजांतूनच असावा. वाटणीत ज्याच्या हाती काहीच आले नव्हते, पुतण्याने ज्याला कोंडले, ज्याला नेमणूक देऊन देशाबाहेर पाठवले, त्याच तिसऱ्या भावाचे नाव देशाच्या कायद्यात कोरले गेले.

आम्ही तुर्कीला थोर पुरुष म्हणून तुमच्यापुढे ठेवत नाही. खलीली पितापुत्रांचा मृत्यू विसरून तसे म्हणता येणार नाही. पण त्याच्या आयुष्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गुन्हा कोणी केला हे कळणे आणि न्याय होणे यांच्यामध्ये मोठा समुद्र आहे. कागदावरचा गुप्तहेर तो एका पानात ओलांडतो. सोहारच्या थुवैनीला मात्र न्याय मिळाला नाही, आणि मस्कतच्या खलीलींनाही नाही. पुढच्या वेळी एखाद्या रहस्यकथेचे शेवटचे पान मिटताना, मुलांनी खुनी कोण असे विचारले, तर त्यांना उत्तर जरूर द्यावे. आणि मग आपण त्यांना विचारावे : बरे, आता पुढे काय?