स्वस्ताईची किंमत

देशी माल घ्यावा हें खरें. परंतु तो करणाऱ्याचे हाल पाहूंच नयेत काय? हाच पेंच १८४८ सालीं जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापुढें होता. मुंबईच्या गिरणींत नोकरीस असतां त्यांनीं मजुरांची दैना पाहिली. कारखान्यांचा कायदा देशी धंद्यास मारील, असें पुष्कळ देशभक्त म्हणत. लोखंड्यांनीं मात्र 'दीनबंधु' पत्रांतून व १८८४ सालीं स्थापिलेल्या संस्थेंतून विश्रांतीची मागणी धरली. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. १८९७ सालीं लोखंडे प्लेगनें वारले, पण सुटी राहिली. धंदाहि तिनें बुडाला नाहीं.

नागऱ्यांत विडीचा कट्टा घेणाऱ्यांस व विकणाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं भावाबरोबर हजार विड्यांची मजुरीहि विचारावी. स्वस्ताईची उरलेली किंमत मजूरच भरीत असतो.