कै. केशवराव भोळे : जाणत्या कानाचा लेखक

देवालयाच्या सभामंडपात उत्सवाच्या रात्री जे गाणे होते, ते पहाटेच्या आरतीबरोबर हवेत विरून जाते. देवस्थानच्या दप्तरात जमिनीचा, तेलवातीचा आणि नैवेद्याचा हिशेब राहतो. गाण्याचा हिशेब ठेवण्याची आपल्याकडे बहुधा प्रथाच नव्हती. कोण कसे गायले, त्यात चांगले काय आणि उणे काय, हे ऐकणाऱ्यांच्या स्मरणात राही आणि त्यांच्याबरोबरच नाहीसे होई. मराठीत ही उणीव भरून काढण्याचे कार्य ज्या थोड्या लोकांनी निष्ठेने केले, त्यांत कै. केशवराव भोळे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

केशवरावांचा जन्म २२ मे १८९६ रोजी अमरावतीस झाला. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी ते मुंबईस आले. त्या काळची मुंबई म्हणजे नाटक मंडळ्यांची आणि रात्र रात्र चालणाऱ्या मैफलींची नगरी. त्या नादात वैद्यकीचा अभ्यास मागे पडला आणि गाणे पुढे आले. एका सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणाने डॉक्टरीची खात्रीची वाट सोडून संगीताची वाट धरावी, हे त्या काळच्या कोणत्याही वडीलधाऱ्यास रुचण्यासारखे नव्हते. पण केशवरावांनी ती वाट अखेरपर्यंत सोडली नाही.

‘वसुंधरा’ साप्ताहिकात ते गायकांविषयी लिहू लागले, तेव्हा त्यांनी ‘एकलव्य’ हे टोपणनाव घेतले. हे नाव फार बोलके आहे. दुरून पाहून, ऐकून आणि एकट्याने साधना करून विद्या मिळविणाऱ्याचे ते नाव. त्या काळी गाण्यावर मत देण्याचा अधिकार घराण्याचा गंडा बांधलेल्यासच आहे, अशी समजूत दृढ होती. नामवंत बुवा आणि खाँसाहेब यांच्या गायनाची चिकित्सा छापून प्रसिद्ध करणे हे धाडसाचे काम होते. नुसती स्तुती केली तर वाचकास काही लाभ नाही, आणि दोष दाखविला तर गायकाचा व त्याच्या चाहत्यांचा रोष. केशवरावांनी आवाजाचा धर्म, रागाची मांडणी, लयीचा डौल, शब्दांचा उच्चार अशा एकेका अंगाने गाणे पारखले. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले.

टीका करणे सोपे, करून दाखविणे कठीण, असे टीकाकारास नेहमीच ऐकावे लागते. केशवरावांनी ती कसोटीही दिली. त्याच १९३३ साली, १ जुलै रोजी, ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक मुंबईत रंगभूमीवर आले. त्याचे संगीत त्यांचे होते. ‘वन्समोअर’मागून ‘वन्समोअर’ घेत लांबणारी पदे बाजूला सारून प्रसंगास शोभतील अशी मोजकी, सुटसुटीत गाणी त्यांनी दिली.

या नाटकातील प्रमुख स्त्रीभूमिका स्त्रीनेच केली होती, आणि ती केली केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई यांनी. येथे या चरित्राचा धागा थेट आपल्या देवभूमीशी येऊन मिळतो. ज्योत्स्नाबाई पूर्वाश्रमीच्या दुर्गा केळेकर. जन्म १९१४ साली गोव्यातील बांदिवडे गावी. श्रीमहालक्ष्मी, श्रीनागेश आणि श्रीरामनाथ यांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या गावचा स्वर केशवरावांच्या रचनांना लाभला. विदर्भातला कान आणि गोमंतकातला गळा यांचा तो संगम होता.

पुढे पुण्यास ‘प्रभात’ फिल्म कंपनीत त्यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) इत्यादी चित्रपटांस संगीत दिले. ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यातील एक रचना शांताराम आठवले यांची असूनही लोक ती तुकोबांचाच अभंग समजत आले. याचे श्रेय कवीच्या शब्दांस जितके, तितकेच केशवरावांच्या चालीसही द्यावयास हवे. ‘कुंकू’ चित्रपटात तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. नित्याच्या व्यवहारातले नैसर्गिक आवाज तेथे योजले आहेत. कोठे गावे याइतकेच कोठे थांबावे हेही कळणाऱ्या मंडळींचे ते काम होते.

चित्रपटांत नाव झाले तरी केशवरावांची लेखणी थांबली नाही. ‘आवाजाची दुनिया’ (१९४८), ‘संगीताचे मानकरी’ (१९४९), ‘अस्ताई’ (१९६२), ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ (१९६४), ‘अंतरा’ (१९६७) आणि ‘जे आठवते ते’ (१९७४) ही ग्रंथसंपदा त्यांनी मागे ठेविली. इतरांच्या गाण्याप्रमाणे स्वतःच्या रचनांचाही त्यांनी लेखी हिशेब दिला, हे विशेष. १९७७ च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. ज्योत्स्नाबाई २००१ साली निवर्तल्या.

उदरनिर्वाहासाठी कडोदरा, सुरत, मुंबई अशा ठिकाणी पांगलेल्या महाजन कुटुंबांना या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. देवापुढे गाणारे गळे आपल्या देवभूमीने मोठ्या संख्येने दिले. त्यांचे गाणे टिपून ठेवणारे हात मात्र थोडे. ज्या घरांत वृद्ध मंडळींस जुन्या उत्सवांतले गाणे अजून स्मरते, त्या घरांतील तरुणांनी ते वेळीच विचारून लिहून ठेवावे. केशवरावांच्या स्मृतीस याहून उचित आदरांजली दुसरी नाही.