न पाहिलेल्या गावांचा चित्रकार

गेल्या सुट्टीत संगणकाच्या पडद्यावर लावण्यासाठी मी शनीचे एक चित्र तयार केले. गोल घेतला, पट्टे चढवले, भोवती कडी बसवली. चित्र देखणे झाले. पण खरे वाटेना. असे का, याचे उत्तर मला चेस्ली बोनस्टेल यांच्या चरित्रात सापडले.

बोनस्टेल यांचा जन्म १८८८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. सतराव्या वर्षी लिक वेधशाळेच्या दुर्बिणीतून त्यांनी शनी पाहिला आणि घरी येताच तो रंगवला. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत ते चित्र जळाले. ओढ मात्र जळली नाही.

पुढे त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण अर्धवट सोडले. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीच्या कामात त्यांचा वाटा होता. ‘सिटिझन केन’सारख्या चित्रपटांसाठी त्यांनी पार्श्वभूमीची चित्रे रंगवली. नसलेली इमारत खरी कशी भासवावी, हे ते तिथे शिकले. तीच विद्या त्यांनी आकाशाला लावली. उपग्रहावरून ग्रह केवढा दिसेल, ऊन कोठून येईल, सावली कुठे पडेल, हे आधी गणिताने ठरवायचे आणि मगच कुंचला उचलायचा! १९४४ साली ‘लाइफ’ मासिकात त्यांची शनीची चित्रे आली. निळ्या आकाशात टायटनवरून दिसणारा शनी पाहून वाचक थक्क झाले. १९४९ साली विली ले यांच्यासह केलेले ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस’ हे पुस्तक निघाले.

मित्रहो, हे सारे खरे ठरले का? नाही. चंद्रावरचे डोंगर त्यांनी सुळक्यासारखे रंगवले होते. चांद्रवीरांना भेटल्या त्या गोलसर टेकड्या. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयातील त्यांचे चाळीस फूट लांबीचे चांद्रचित्र १९७० मध्ये उतरवले गेले. १९८६ साली ते निवर्तले. २००५ मध्ये ह्यूजेन्स यान टायटनवर उतरले, तेव्हा तिथे निळे आकाश नव्हते, नारिंगी धुके होते.

तरीही मला ते थोर वाटतात. त्यांची चूक त्या काळाच्या ज्ञानाची होती, आळसाची नव्हती. माझी मात्र आळसाची होती. कड्यांवर शनीची सावलीच नव्हती, आणि ध्रुवांशी चपटा असलेला शनी मी चेंडूसारखा वाटोळा केला होता.

आता तो पुन्हा करायला घेतला आहे. या वेळी संगणकाआधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आहे.