ॲडलेड हूडलेस : एका मातेची सेवा

मुलाच्या हाती दुधाचा पेला देताना ते दूध कोणत्या गोठ्यातून व कशा भांड्यातून आले, याचा विचार आपल्यापैकी किती जणी करतात? कॅनडातील एका मातेवर तो विचार करण्याची पाळी मोठ्या दुःखाने आणली. त्या ॲडलेड हूडलेसबाईंची जीवनकथा आम्ही आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

ऑन्टेरिओ प्रांतातील सेंट जॉर्ज गावाजवळच्या एका शेतघरात २७ फेब्रुवारीस त्यांचा जन्म झाला. भावंडे पुष्कळ, त्यांत त्या शेंडेफळ. वडील लवकर वारले आणि शेताचा व संसाराचा गाडा आईने ओढला. शेतकरी स्त्रीचे कष्ट त्यांनी असे घरातच पाहिले. १८८१ साली हॅमिल्टन शहरातील फर्निचरचे व्यावसायिक जॉन हूडलेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार मुले झाली.

१८८९ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांचा धाकटा मुलगा तान्ह्या वयातच वारला. दूषित दूध हे त्याचे कारण मानले जाते. त्या काळी दूध उघड्या कॅनांतून गाडीवर घालून दारोदार विकले जाई. त्यात धूळ पडे, माश्या बसत. पण दिसायला ते पांढरेशुभ्रच असे.

अशा वेळी देवाची इच्छा म्हणून मन घट्ट करणारे पुष्कळ असतात. हूडलेसबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. स्वच्छता व आहार यांचे ज्ञान प्रत्येक मुलीला मिळावे, हे त्यांनी आपले जीवितकार्य केले. १८९० पासून त्यांनी हॅमिल्टनच्या वाय. डब्ल्यू. सी. ए. चे अध्यक्षपद सांभाळले आणि तेथे मुलींसाठी स्वयंपाक व गृहशास्त्राचे वर्ग चालविले. हा विषय सरकारी शाळांत यावा म्हणून त्या गावोगाव बोलत फिरल्या. टीकाही झाली. पण १८९८ साली त्यांनी या विषयाचे शालेय पुस्तक लिहून प्रसिद्ध केले.

शेतकऱ्यांच्या संघात गुरांचा चारा, गोठा, रोगराई यांवर व्याख्याने होत. परंतु गाई दोहणाऱ्या, लोणी काढणाऱ्या आणि मुले वाढविणाऱ्या स्त्रियांसाठी तशी सोय नव्हती. अर्लंड ली या शेतकऱ्याच्या आमंत्रणावरून हूडलेसबाई स्टोनी क्रीक येथे बोलल्या. त्यानंतर आठवड्याने, १९ फेब्रुवारी १८९७ रोजी, १०१ स्त्रिया पुन्हा जमल्या. पुरुष एकच होता, तो म्हणजे ली. त्या रात्री जगातील पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पुढे सर विल्यम मॅकडॉनल्ड या धनिकाचे साहाय्य मिळवून ग्वेल्फ येथे गृहशास्त्राची मोठी संस्था उभी करण्यातही बाईंचा पुढाकार होता.

स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या पडल्या नाहीत. स्त्रीचे खरे क्षेत्र घर, असे त्यांचे मत होते. हे मत आज अनेकींना पटणार नाही, व आम्हालाही ते अपुरे वाटते. परंतु घरकाम हे अडाणीपणे उरकण्याचे काम नसून शिकण्याचे शास्त्र आहे, ही त्यांची शिकवण जुनी झालेली नाही.

२६ फेब्रुवारी १९१० रोजी, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, टोराँटो येथे स्त्रियांच्या सभेत बोलता बोलताच त्या कोसळल्या आणि त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. १९१५ साली वेल्समध्ये ब्रिटनमधील पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट निघाली. १९३८ साली ऑन्टेरिओ सरकारने दुधाचे पाश्चरीकरण, म्हणजे ते ठराविक उष्णतेपर्यंत तापवून त्यातील रोगजंतू मारणे, सक्तीचे केले. ते पाहायला बाई राहिल्या नव्हत्या.

शोक प्रत्येक घरी येतो. आपल्या शोकातून शेजारणीचे मूल कसे वाचेल, हे विचारणारी माता विरळा. आमच्या भगिनी मंडळांनी आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे चरित्र मुलींना अवश्य सांगावे; आणि त्याच बैठकीत दूध, पाणी व हातांची स्वच्छता यांविषयीही चार शब्द बोलावे, अशी आमची विनंती आहे.